हिवाळ्यात मातीच्या भिंतीची डागडुजी: मदत हवी आहे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मातीच्या भिंतींचे, कवेलूंचे जुने घर असून, कापसाची वेचणी आटोपत आल्याने त्याची किरकोळ डागडुजी आता स्वतःच करण्याचा विचार आहे. घराखालची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि पुढे वाळताना आकसते, त्यामुळे माजघराच्या भिंतीला दरवर्षी त्याच जागी भेग पडते. मागे एका मिस्त्रीच्या सल्ल्याने तेथे सिमेंटचा गिलावा केला होता. परंतु आतली ओल बाहेर पडू न शकल्याने तो पोपडे धरून सुटला (खर्च झाला तो वेगळाच). आता चुन्याचा गिलावा करावा, की कुटार (भुसा) मिसळलेल्या मातीनेच भेग बुजवावी? थंडीत चुना उशिरा घट्ट होतो, तेव्हा रंगाचा हात देण्यापूर्वी किती दिवस थांबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.