हिबा (मुस्लिम कायद्यातलं बक्षीस) केलेलं घर परत घेता येते का? मदत हवी आहे

शेजारच्या चाचांनी (यवतमाळ जिल्हा, खेडं) राहतं घर चुलतभावाच्या पोराला हिबा करून दिलं. स्टॅम्पपेपरवर, रजिस्ट्री नाही. पोरगा नागपूरला. चाचा तिथंच राहतात, किल्ली त्यांच्याच करदोड्याला. आता पोरगा म्हणते, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीची नोंदवही) माझं नाव चढवा.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ मुळे मुस्लिम हिब्याला रजिस्ट्री लागत नाही, पण ताबा द्यावाच लागतो, हे माहीत आहे. ताब्याआधी हिबा फिरवता येतो. नंतर, हनफी (सुन्नींची एक शाखा) कायद्यात, घेणारा राजी नसेल तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. सख्ख्या पुतण्याला दिलेला तर फिरतच नाही. (हा चुलत, तेवढं बरं!)

पण कागदात "ताबा दिला" लिहून बसले. मग कोर्ट काय धरते, कागद की प्रत्यक्ष राहणं? अन् आधी ग्रामपंचायतीत हरकत द्यावी, की सरळ दिवाणी दावा?