शिअर वॉलच्या फ्रॅजिलिटी कर्व्हमध्ये बीटा इतका कमी का येतोय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आठ मजली आरसीसी शिअर वॉलचं (भूकंपाचा आडवा जोर घेणारी भिंत) फायबर मॉडेल (भिंतीचा छेद काँक्रीट-सळईच्या बारीक पट्ट्यांत विभागलेलं) केलंय आणि त्यावर ४४ भूकंप रेकॉर्ड तीव्रता वाढवत वाढवत चालवलेत. प्रत्येक पातळीला किती रेकॉर्डमध्ये भिंत गेली ते मोजून लॉगनॉर्मल फ्रॅजिलिटी कर्व्ह (कोणत्या तीव्रतेला भिंत जाण्याची शक्यता किती ते दाखवणारा) बसवला, मॅक्सिमम लाइकलिहूडने, कारण लीस्ट स्क्वेअर सगळ्या बिंदूंना सारखंच वजन देतं आणि ते इथे बरोबर नाही. मिडियन (निम्म्या रेकॉर्डमध्ये भिंत जाते ती तीव्रता) १.१ जी आलाय, तो पटतो, पण बीटा (कर्व्हचा पसारा) फक्त ०.२२ आणि तिथेच गाडी अडलीये.

माझ्या मते यात फक्त रेकॉर्डागणिक पडणारा फरक आलाय, काँक्रीटची खरी ताकद, सळईचा यील्ड (ती कायमची ताणली जाऊ लागते तो ताण), मॉडेलमधली चूक यातलं काहीच धरलेलं नाही. मग या प्रत्येकाचे वेगळे बीटा घेऊन त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं तर चालेल का, की मटेरियल सॅम्पल करून सगळं परत चालवायचं? तसं केलं तर काही आठवडे जातील, पण गरज असेल तर करेन.

आणखी एक, मॉडेलमधला तळाचा एलिमेंट (तुकडा) ३०० मिमीवरून १५० केला की कोपऱ्यातलं काँक्रीट खूपच आधी चिरडतं, सगळा स्ट्रेन त्या एकाच एलिमेंटमध्ये गोळा होतो. क्रशिंग एनर्जीने (काँक्रीट चिरडायला लागणारी ऊर्जा) स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह मेशप्रमाणे, म्हणजे एलिमेंटच्या आकाराप्रमाणे, बदलणं कुणी केलंय का, बाउंड्री एलिमेंटमधल्या (भिंतीच्या टोकाचा जास्त सळयांचा भाग) रिंगांनी बांधलेल्या काँक्रीटला ती एनर्जी किती धरता? या कर्व्हवरून पुढे कुणीतरी खऱ्या भिंतीचा निर्णय घेणार, म्हणून अंदाजाने आकडा टाकायचा नाहीये.