भरावाआधी, म्हणजे कचराभूमीत पुरण्याआधी, कचरा कुजवण्याबद्दल थोडं

"शेवटी भरावातच जाणार, मग आधी कुजवायचा कशाला?" असं काहीजण विचारतात, म्हणून लिहितो. ओला कचरा भरावात दबला की हवा तुटते, मिथेन सुटतो आणि काळं पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहतं. तोच आधी उघड्या हवेत कुजवला की वजन नि घनफळ दोन्ही बरंच घटतं.

कुजवायला कचऱ्याचे लांब रांगेत ढीग लावतात. असा ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, तळाचा थर दबतो. ओलावा ५० ते ६० टक्के: मूठ आवळल्यावर तळवा ओला व्हावा, धार लागू नये. आतलं तापमान ५५ ते ६५ अंश. ७० ओलांडलं तर उपयोगी जंतूच मरतात, लगेच पलटी मारा. एरवी आठवड्याला एक, अशी चार-पाच आठवडे. पलटी म्हणजे बाहेरचा माल आत जाणं. जेसीबीवाले बहुधा ढीग नुसता सरकवतात! सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडतेय. अमोनियाचा झोंबला तर नत्र जास्त. वाळला पाला, भुसा मिसळा. पावसाळ्यात छप्पर हवंच.

मग ३५ मिमीची चाळणी, शेवटी ४ मिमीची. मिश्र कचऱ्याचं खत मात्र तपासणीशिवाय शेतात नको: त्यात काच आणि जड धातू असू शकतात. त्यापेक्षा भरावातला कचरा रोज झाकायला जो थर टाकतात, त्याला ते बरं.