हद्दवाढीतल्या नोंदवह्या : आपल्या नगराच्या कारभाराचे अनुभव

सोलापूरची हद्दवाढ ५ मे १९९२ रोजी झाली. त्याआधी साधारण ३३ चौरस किलोमीटरमध्ये वसलेले शहर १७८.५७ चौरस किलोमीटरचे झाले आणि बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावे महानगरपालिकेत आली. ज्वारीच्या रानांत प्लॉट पडले, प्रत्येक लेआउटच्या तोंडाशी नगराच्या नावाची कमान उभी राहिली, आणि आज पत्ता सांगताना आम्ही 'हद्दवाढ भाग' हा शब्द गावाच्या नावाइतक्याच सहजपणे उच्चारतो. या भागातल्या बातम्यांना वर्तमानपत्रात फार तर चार ओळी मिळतात. पाण्याची पाळी बदलली, गटारीचे काम मंजूर झाले, मंदिराजवळच्या मोकळ्या जागेवर बाग होणार, अशा त्या चार ओळींवर आमचे महिनेच्या महिने अवलंबून असतात. म्हणून या धाग्यात आपल्या नगरातली एखादी सार्वजनिक गोष्ट तुम्हाला कशी कळली, तिच्यासाठी शेजारी कसे एकत्र आले आणि पुढे काय झाले, एवढेच लिहावे अशी विनंती आहे. कोणत्याही व्यक्तीचे नाव घेऊ नये.

सुरुवात मी करतो.

जुळे सोलापूर, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांआड, कधी चार, उन्हाळ्यात पाच. नळाला येणारे पाणी कुठून निघते हे मला वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत नीट माहीत नव्हते याची खंत वाटते. उजनी धरणातून थेट जलवाहिनीने येणारे पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. दुसरे पाणी भीमेच्या पात्रातून येते. ते औज बंधाऱ्यात अडवले जाते, टाकळीहून उपसले जाते आणि सोरेगावच्या केंद्रात शुद्ध होते. या बंधाऱ्याची पातळी उतरली की उजनीतून नदीत पाणी सोडावे लागते, ते पात्रातून वाहत येण्यास कित्येक दिवस लागतात, आणि शहराला लागणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी खर्ची पडते. म्हणून मे महिन्यात 'उजनीतून पाणी सोडले' ही बातमी वाचली की आमच्या कॉलनीत दिवस मोजायला सुरुवात होते.

सेवानिवृत्तीनंतर मी एक साधी शंभर पानी वही केली. तारीख, पाणी आल्याची वेळ, पाणी गेल्याची वेळ, आणि गल्लीतल्या शेवटच्या घराची घागर भरली की नाही, असे चार रकाने आखले. बँकेत आयुष्यभर रकाने भरले होते, त्यामुळे हात बसलेला होता. दोन महिन्यांनी असे दिसले की पाणी सव्वादोन तास येत असले तरी शेवटच्या तीन घरांना पहिला एक तास थेंबही मिळत नाही. आम्ही सगळे दाबाला दोष देत होतो. प्रत्यक्षात पुढच्या अकरा घरांनी नळाला थेट मोटार जोडली होती आणि त्यात माझेही घर होते.

ही नोंद मी गणपतीच्या बैठकीत सर्वांसमोर वाचली, आणि वाचताना माझा आवाज कापत होता हे लपवत नाही. वादावादी झाली. शेवटी असे ठरले की पहिला पाऊण तास कोणीही मोटार लावायची नाही, पाणी जमिनीखालच्या हौदात आपल्या दाबाने पडू द्यायचे आणि मोटार हौदातून वर चढवण्यापुरतीच वापरायची. सर्वांनी ते पहिल्या दिवसापासून पाळले असे नाही. पण चौथ्या पाळीला शेवटच्या घरातल्या आजींनी स्वतः येऊन माझ्या वहीत 'भरली' असे पेन्सिलीने लिहिले. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

शेळगी, प्राथमिक शिक्षिका

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला मोठा पूर आला, आणि त्याच पावसात आमच्या घरामागचा नाला रात्री दीडच्या सुमारास भरून आला. आधी मोरीतून बुडबुडे आले, मग उंबऱ्यावरून पाणी आत शिरले. पिठाचे डबे माळ्यावर चढवले, सासूबाईंना दिवाणावर बसवले, आणि मुलांची दप्तरे डोक्यावर घेऊन आम्ही समोरच्या दुमजली घरात गेलो. त्या एका घरात त्या रात्री नऊ कुटुंबे होती. त्या काकूंनी दोन स्टोव्हवर पहाटेपर्यंत चहा केला.

सकाळी पाणी ओसरले तेव्हा गल्लीतल्या एका मुलाने केलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. भिंतीवर चिखलाची जी रेघ उमटली होती, ती वाळून पुसली जाण्याआधी त्याने विजेच्या प्रत्येक खांबावर पांढऱ्या ऑइलपेंटने तेवढ्याच उंचीवर पट्टा मारला आणि तारीख लिहिली. त्यानंतर एका कार्यालयात आम्हाला "पाणी एवढे आले होते याला पुरावा काय?" असे विचारण्यात आले, तेव्हा आम्ही खांबांचे फोटो समोर ठेवले.

खरे कारण शोधायला वेळ लागला. जुन्या गट नकाशात नाला चांगला रुंद आहे. प्लॉट पडत गेले तसतसा दोन्ही काठांवर भराव येत गेला, आणि रस्ता ओलांडण्यासाठी खाली जे सिमेंटचे पाइप घातले त्यांत माणूस वाकूनही शिरू शकत नाही. मोठ्या पावसाचे पाणी तेथे तुंबते आणि मागे फिरते. आम्ही नकाशाची प्रत काढली, पाइपांचा व्यास टेपने मोजला आणि दोन्ही कागद अर्जाला जोडले. पावसाळ्याआधी नाला साफ झाला पाहिजे एवढीच पहिली मागणी आहे, कारण पाइप बदलण्याला अंदाजपत्रक, निविदा असे बरेच टप्पे असतात हे आता आम्हाला समजते.

केगाव, विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी

माझा अनुभव लहान आहे. पुणे रस्त्यापासून आमच्या खोल्यांपर्यंतचा पट्टा रात्री काळोखात असे. "दिवे बंद आहेत" अशी तक्रार आम्ही तीनदा केली आणि काही झाले नाही. मग लाइनमनने सांगितले की प्रत्येक खांबाला क्रमांक असतो, तो लिहा. आम्ही चौघे मोबाइलच्या उजेडात बाहेर पडलो, चौदा खांबांचे क्रमांक टिपले, त्यांतले बंद किती आणि सतत लुकलुकणारे किती ते वेगळे लिहिले, आणि तोच कागद दिला. आठवड्याच्या आत नऊ दिवे लागले.

मजरेवाडी, यंत्रमाग कामगार

माझे घर गुंठेवारीतले आहे. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो की शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून ते साध्या स्टॅम्प पेपरवर विकले गेले, आणि गिरणी बंद झाल्यावर किंवा चाळीतली खोली अपुरी पडू लागल्यावर माझ्यासारख्यांनी ते घेतले. सातबाऱ्यावर माझे नाव इतर कित्येक जणांबरोबर आहे. करपावती माझ्या नावाची आहे, वीजबिल माझ्या नावाचे आहे, पण बांधकाम परवाना नसल्यामुळे बँक कर्ज देत नाही आणि वरचा मजला चढवता येत नाही.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ घेता येऊ लागला, ही बातमी मला कारखान्याशेजारच्या चहाच्या टपरीवर एका जुन्या वर्तमानपत्रातून कळली. कायद्याला वीस वर्षे झाली होती आणि आमच्या गल्लीत तो कोणालाच ठाऊक नव्हता. एकट्याने गेलो असतो तर मोजणीचा आणि नकाशाचा खर्च झेपला नसता. आम्ही सतरा घरांनी मिळून एकच मोजणीदार केला, एकत्र नकाशा काढला, आणि मध्ये जो बोळ होता तो रस्ता म्हणून दाखवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या घरांनी आपापल्या ओट्याची जागा सोडली. माझा ओटा मी स्वतः पहारीने फोडला. त्यावर बसून माझे वडील संध्याकाळी तेलुगूत भजन म्हणत असत, त्यामुळे वाईट वाटले. अर्ज दाखल झाला आहे. निर्णय अजून यायचा आहे.

कुंभारी, विडी कामगार

वरील भावाचे वाचून लिहावेसे वाटले. मी गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. २००६ मध्ये दहा हजार विडी कामगार महिलांना येथे स्वतःची घरे मिळाली आणि त्यांत माझ्या आईचे घर होते. पुढे जवळच रे नगर झाले, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. एवढी वस्ती असूनही कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर आहे आणि आमचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे.

शहरातल्या बहिणींना मी नेहमी सांगते की आमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही, आणि ती म्हणजे ग्रामसभा. तेथे मतदाराला उठून प्रश्न विचारता येतो आणि तो इतिवृत्तात लिहावा लागतो. शहरांसाठीही क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात आली, पण क्षेत्रसभेला बसल्याचे मला शहरातल्या एकाही मैत्रिणीने आजवर सांगितलेले नाही.

अर्थात ग्रामसभा आहे म्हणून सारे सुरळीत होते असे नाही. सभा सकाळी असते, आणि त्याच वेळी आम्हाला विड्या जमा करायला कारखान्यात जावे लागते. पाने भिजवून, कापून, हजार विड्या वळून दिवसाची मजुरी पडते, त्यामुळे एक सकाळ गेली तर त्या दिवसाची चूल अडते. पहिल्या सभेला आमच्या गल्लीतून मी एकटी गेले. दुसऱ्या वेळी शेजारणींनी माझ्या वाट्याच्या विड्या आपापसांत वाटून घेतल्या आणि मला पाठवले. मी मांडीवरचे सूप तसेच बाजूला ठेवून, तंबाखूच्या हातांनीच निघाले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले की सांडपाणी रस्त्यावरून वाहते, मुलांच्या पायांना खरूज उठते, हे लिहून घ्या. लिहून घेतले. वाचून दाखवा असेही म्हणाले, तेव्हा वाचून दाखवले. गटारीचा एक टप्पा पुढच्या वर्षी झाला, आमची गल्ली दुसऱ्या टप्प्यात आहे. आता आम्ही पाळीपाळीने जातो आणि जिची पाळी असेल तिच्या विड्या बाकीच्या वळतात.

बाळे, शेतकरी

आमचे गाव शहरात गेले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. ग्रामपंचायतीची चावडी गेली आणि बसून बोलण्याची जागाही गेली असे बराच काळ वाटत होते. राहिली ती खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षातल्या रविवारी सोलापुरातून आणि आसपासच्या गावांतून माणसे येतात, भंडारा उधळला जातो, वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा नैवेद्याला असतो. यात्रेच्या आधी होणारी बैठक ही एकच वेळ अशी असते की जुन्या गावठाणातले आणि नव्या सोसायट्यांतले लोक एका सतरंजीवर बसतात. गेली काही वर्षे यात्रेच्या तयारीचे विषय संपल्यावर आम्ही अर्धा तास रस्ते, कचरा आणि मोकाट जनावरे यांसाठी राखून ठेवतो. नव्या लोकांना कागदपत्र कळते, आम्हाला कोणता बांध कुठून जात होता ते कळते, आणि दोन्ही मिळाले तरच अर्ज नीट होतो.

विजापूर रोड, गृहिणी

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती कारभार होता. त्या काळात नगरसेवकाच्या दारात जाण्याची आमची सवय सुटली, आणि तिच्या जागी शेजारणींकडे जाण्याची सवय लागली, हे मला चांगलेच वाटते.

दरवर्षी संक्रांतीला आमच्या अपार्टमेंटमध्ये हळदीकुंकू असते. पूर्वी वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या देत असू. तीन वर्षांपूर्वी आम्ही ओल्या कचऱ्यासाठी झाकणाचे हिरवे डबे वाण म्हणून दिले. घंटागाडी येते, पण ओला आणि सुका कचरा एकत्र असेल तर गाडीवरच्या बाईंना तो हाताने निवडावा लागतो, आणि त्यांच्या बोटांना काचेने झालेल्या जखमा मी जवळून पाहिल्या होत्या. त्या दिवशी त्यांनाही आम्ही हळदीकुंकवाला बोलावले, तिळगूळ दिला, आणि कोणता कचरा कशात टाकायचा हे त्यांनीच सर्वांना सांगितले. तोवर सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर खूण करावी हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

जानेवारी २०२६ चे मतदान बरोबर संक्रांतीला लागून आले. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा अक्षता सोहळा, घरचे हळदीकुंकू आणि प्रचार, सगळे एका आठवड्यात. मते मागायला जे जे आले त्यांना आम्ही आत बसवले, तिळगूळ दिला आणि भिंतीवर लावलेला कागद दाखवला. त्यावर चारच गोष्टी होत्या : कोपऱ्यावरचे उघडे चेंबर, सहा महिने बंद असलेला बागेचा नळ, शाळेसमोरचा गतिरोधक आणि पाण्याच्या पाळीची आगाऊ सूचना. प्रत्येकीसमोर आम्ही पहिल्या तक्रारीची तारीख लिहिली होती. निवडून आलेल्या सदस्यांना तोच कागद नव्याने दिला आहे. चेंबरवर फेब्रुवारीत झाकण बसले, ती तारीख आम्ही त्याच्यापुढे हिरव्या शाईने लिहिली. बाकी तीन रकाने मोकळे आहेत.