नव्याने जोडलेला संगणक: पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

प्रश्न

घरी प्रथमच संगणक जोडला आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड, डीडीआर५-६००० प्रकारच्या प्रत्येकी १६ जीबीच्या दोन रॅम, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड अशी जुळणी आहे. बटण दाबताच सर्व पंखे फिरू लागतात, परंतु मॉनिटरवर काहीच दिसत नाही आणि मदरबोर्डवरच्या चार दिव्यांपैकी ‘डीरॅम’ असे लिहिलेला दिवा पेटलेलाच राहतो. मदरबोर्ड खराब निघाला असावा, तो कंपनीकडे पाठवा, असे विक्रेत्याचे मत आहे. बदलून पाहण्यासाठी माझ्याकडे सुटे भाग नाहीत. अशा वेळी दोष नेमका कशात आहे, हे घरच्या घरी ठरवता येईल का?

उत्तर १

बऱ्याच अंशी ठरवता येईल. सर्वप्रथम हे पाहा की आपण संगणक किती वेळ चालू ठेवता. या पिढीचे मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्यासाठी, ज्याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात, काही मिनिटे घेतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते आणि हाच दिवा पेटलेला असतो. मिनिटभरात बटण दाबून संगणक बंद केला, तर ती प्रक्रिया दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून किमान १५ मिनिटे हात न लावता थांबावे.

तरीही डिस्प्ले आला नाही, तर वीज पूर्ण बंद करून जुळणी कमीत कमी भागांवर आणावी. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवावे. ७६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स असल्याने मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावता येते. एकच रॅम ठेवावी आणि ती प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. मग बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग पुसून टाकण्यासाठी मदरबोर्डवरचा गोल सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसवावा. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की निकाल कशामुळे आला, ते कळत नाही.

प्रश्नकर्ता

सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. ए२ मध्ये कोणतीही एक रॅम लावली तरी बायोस दिसते आणि वेग ४८०० असा येतो. परंतु दुसरी रॅम बी२ मध्ये, म्हणजे चौथ्या स्लॉटमध्ये लावली, किंवा एकच रॅम फक्त बी२ मध्ये लावली, की तोच दिवा पुन्हा पेटतो आणि अर्धा तास थांबूनही विझत नाही.

उत्तर २

म्हणजे दोन्ही रॅम ठीक आहेत आणि दोष ‘बी’ चॅनेलमध्ये, म्हणजे बी स्लॉटना प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गात आहे. ४८०० या वेगाची चिंता करू नये. एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी बायोसमधील सेटिंग, सुरू केल्याशिवाय ६००० मिळत नाही.

रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि स्लॉटपासून निघालेल्या वाहिन्या सॉकेटमधून (प्रोसेसर बसतो त्या खाचेतून) थेट तेथे पोहोचतात. त्यामुळे एक संपूर्ण चॅनेल बंद असेल, तर मदरबोर्डइतकाच संशय सॉकेटवर घ्यावा लागतो. आपल्या मदरबोर्डवरच्या एएम५ प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्येच आहेत, एकूण १७१८. त्यांपैकी एखादी वाकली किंवा प्रोसेसरवर कूलरचा दाब एका बाजूला अधिक पडला, तरी नेमके असेच घडू शकते. कूलरचे स्क्रू एकेक पूर्ण आवळण्याऐवजी तिरके समोरासमोरचे, थोडे थोडे आवळून पाहावेत. माझ्या मते हा उपाय आधी करावा, कारण त्याला खर्च नाही.

उपयोग झाला नाही, तर संगणक थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट मऊ होऊ द्यावी, वीज बंद करून कूलर किंचित फिरवत काढावा आणि प्रोसेसर उचलून सॉकेटवर तिरका प्रकाश पाडावा. सगळ्या पिना एकाच दिशेने चमकतात. वाकलेली वेगळी दिसते. मोबाइलने जवळून छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण वाकलेल्या पिनांना वॉरंटी सहसा लागू होत नाही आणि पाठवताना त्या सरळ होत्या, हे दाखवण्याची वेळ येऊ शकते. पिना ठीक असूनही बी२ चालत नसेल, तर मदरबोर्डच्या वॉरंटीचा दावा करावा. पाठवताना सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण बसवण्यास विसरू नये.

उत्तर ३

एक भर. सध्या एका रॅमवर संगणक चालतो आहे, तर कूलर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करून घ्यावे. एएम५ च्या सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमच्या अडचणी बऱ्याच होत्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा आणि आपल्याकडे वीज केव्हाही जाते, हे ध्यानात घेऊन संगणक यूपीएसवर ठेवूनच हे काम करावे.