विषय: पिसाच्या यादीत आपण का नाही?

सिंगापूरहून:

नमस्कार मंडळी,
२०२२च्या 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत आमचं सिंगापूर गणितात ५७५ गुण मिळवून पहिलं आलं. ही परीक्षा घेणाऱ्या ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, संघटनेतल्या देशांची सरासरी ४७२ होती. विज्ञानातही पहिला नंबर सिंगापूरचाच. यादीत भारत शोधला, तर नावच नाही! काकू, तुम्ही आयुष्यभर इंदुरात गणित शिकवलंत. आपण यात बसतच नाही का?

इंदूरहून:

अरे, बसलो होतो ना. २००९च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल उतरले होते. गणितात त्यांना ३५१ आणि ३३८ गुण पडले, तेव्हा शांघायला ६०० होते. प्रश्न आपल्या मुलांच्या वातावरणाला धरून नव्हते, असं आपल्याकडून सांगितलं गेलं आणि पुढच्या फेऱ्यांना आपण गेलोच नाही. नंतर २०२१ची तयारी ठरली, पण कोरोनाने ती फेरी २०२२वर ढकलली आणि त्यातही आपण नव्हतो.

ते कारण मला पटत नाही. पिसाचा एक जाहीर झालेला प्रश्न बघ: सारख्या जाडीचे दोन गोल पिझ्झे, ३० सेंटीमीटर व्यासाचा ३० ला, ४० चा ४० ला. कोणता घेणं फायद्याचं? इथल्या छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत पिझ्झा खाणाऱ्या पोरांना यात परकं काय?

रामबागेत माझ्याकडे येणाऱ्या नववीच्या मुलांना मी तो घातला. 'पाय आर स्क्वेअर' ती झोपेतही म्हणतील. तरी बहुतेकांनी 'दोन्ही सारखेच, सेंटीमीटरला एक रुपया' म्हणून वह्या मिटल्या. एका मुलीने मात्र त्रिज्यांचे वर्ग मांडले, २२५ आणि ४००, नि ओरडली, "आजी, मोठा पावणेदोन पटीच्या वर आहे आणि पैसे एक-तृतीयांशच जास्त!" आपल्या पेपरात 'क्षेत्रफळ काढा' असं लिहूनच दिलेलं असतं. इथे ते स्वतःला सुचावं लागतं, आणि नेमकं तेच आपण शिकवत नाही. फार वाईट वाटतं रे, कारण पोरं हुशार आहेत.

सिंगापूरहून:

पण काकू, एका शहराएवढ्या देशाशी एवढ्या मोठ्या देशाची तुलना कशी करायची?

इंदूरहून:

मग राज्याने उतरावं, २००९ला दोन उतरलीच होती. मध्य प्रदेश उतरला तर मला आनंदच होईल, नंबर तळाचा आला तरी. कुठे कच्चे आहोत ते कळेल तरी! तोवर तू तिकडच्या मराठी मुलांना घेऊन रविवारी झूमवर ये, माझी इथली बसतील. प्रश्न दोन्हीकडे तेच घालू.