विषय: बालगटाला 'कार्स ३' दाखवायचा का?

सर्वांना नमस्कार,

बालगटाच्या दुपारच्या कार्यक्रमात 'कार्स ३' दाखवायचं घाटतंय. गटात साडेतीन ते नऊ वर्षांची मुलं आहेत. ॲनिमेशन आहे, शर्यतीच्या गाड्या आहेत, अमेरिकेत 'जी' म्हणजे सर्वांसाठीचं प्रमाणपत्र आहे, तेव्हा हरकत नसावी असं समितीत बहुतेकांचं मत पडलं. माझी धाकटी चारची आहे आणि मोठ्या आवाजाला बिचकते, म्हणून विचारते. ज्यांनी पाहिलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

– बालविभाग, कार्यक्रम समिती

---

ताई, नमस्कार.

मी लहान मुलांना शिकवते, आणि हा सिनेमा नीट पाहिलाय. माझं मत आधीच सांगून टाकते: सहाच्या पुढच्यांना जरूर दाखवा, त्याखालच्यांना हॉलमध्ये आईबाबांशिवाय बसवू नका.

'जी'वर विसंबू नका. याच मालिकेतल्या २०११च्या दुसऱ्या भागालाही 'जी'च मिळालं होतं, आणि त्यात एका हेर गाडीचा छळ करून तिला मारतात. ब्रिटनचं 'यू' निदान चार वर्षांपासून पुढच्यांसाठी धरलेलं असतं. 'जी'ला तेवढंही खालचं वय नाही.

'कार्स ३'मधला अपघात सुरुवातीच्या भागातच येतो. मॅक्वीन, म्हणजे सिनेमाची नायक असलेली शर्यतीची गाडी, नव्या दमाच्या गाडीला गाठायला जिवाच्या आकांताने पळतो, टायर फुटतो, तो हवेत उडतो आणि गडगडत जातो. दृश्याचा वेग एकदम मंदावतो, गोंगाट थांबतो, ठिणग्या तेवढ्या उडताना दिसतात. आपल्याला त्यात दिग्दर्शकाचं कसब दिसतं. चार वर्षांच्या मुलाला मात्र ओळखीचा हसरा चेहरा चुरगळताना दिसतो, तोही सावकाश. मुलांच्या भीतीवर वर्षानुवर्षं संशोधन केलेल्या जोॲन कॅन्टर सांगतात की अगदी लहान मुलं जे दिसतं त्याला घाबरतात, मोठी मुलं जे खरंच घडू शकतं त्याला. 'अगं, हे खोटं असतं' या समजावणीचा लहानांवर फारसा उपयोग होत नाही. जवळ घेणं जास्त लागू पडतं. हॉलभर मुलांमागे दोनचार स्वयंसेवक असतील तर कुणाकुणाला जवळ घेणार?

पुढे मोडतोडीची शर्यत आहे, तिथे एक अवाढव्य स्कूलबस अंगावर धावून येते. रोज स्कूलबसने जाणाऱ्या मुलांचा विचार करा. पहिल्या भागातला मॅक्वीनचा गुरू डॉक हडसन यात फक्त आठवणींतून भेटतो, त्यामुळे 'तो कुठे गेला?' हा प्रश्नही येणारच.

आता खेळाबद्दल, कारण मला हा सिनेमा त्यासाठीच आवडतो. खेळाच्या सिनेमात हरणाऱ्याला काय वागणूक मिळते, हे मी सगळ्यांत आधी बघते. क्रूझ ही मॅक्वीनची प्रशिक्षक. तिला स्वतःला शर्यतीत उतरायचं होतं, पण पहिल्याच वेळी बाकीच्या गाड्या बघून 'मी यांच्यातली नाही' असं वाटलं आणि ती परत फिरली. मॅक्वीन चिडून तिच्यावर ओरडतो, तेव्हा ती हे सगळं त्याला तोंडावर सुनावते. शेवटच्या शर्यतीत तो आपली जागा तिला देतो आणि तीच जिंकते. सात-आठ वर्षांच्या मुलांना यातलं सगळं कळतं. 'तुला नाही जमणार' हे त्यांनी मैदानावर ऐकलेलं असतं. चारच्या मुलाला बहुधा आपला लाडका मॅक्वीन ओरडला एवढंच आठवेल.

समितीतल्या कुणीतरी अपघाताचं दृश्य एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. वर्गात मी पाहते, पुष्कळ मुलं डोळ्यांच्या आधी कान झाकतात.

---

नमस्कार मंडळी,

ताईंचा अनुभव मान्य, पण मुलांना जपून जपून किती जपायचं? आमच्या मुलाने हा सिनेमा चारचा असताना पाहिला, नंतर आठवडाभर घरात शर्यती चालल्या होत्या, भीती वगैरे काही नाही. पडणं, हरणं हेही मुलांना दिसायला हवं. शेवटी कार्टूनच तर आहे! आणि भावंडांपैकी एकाला आत, दुसऱ्याला बाहेर, हे मला पटत नाही.

---

दादा, तुमच्या मुलाने तो तुमच्या शेजारी बसून पाहिला आणि रिमोट तुमच्या हातात होता. हॉलमध्ये तसं नसतं. पडणं-हरणं दाखवावं, याबद्दल आपलं एकमतच आहे.

'कार्टूनच तर आहे' हे मात्र मला मान्य नाही. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांचे ४५ ॲनिमेशनपट आणि मोठ्यांसाठीचे ९० चित्रपट ताडून पाहिलेला लेख आला होता. महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरण्याचा धोका ॲनिमेशनपटांत अडीच पट निघाला.

भावंडांचं म्हणाल तर ज्या लहानग्याचे आई किंवा बाबा शेजारी बसणार असतील त्याला खुशाल आत घ्या. सुरू होण्याआधी गोष्ट थोडक्यात सांगा: 'मॅक्वीनला लागतं, पण तो बरा होतो.' या वयात शेवट आधी कळला तर मुलांची मजा जात नाही, उलट ती निवांत बसतात. दिवे सगळे घालवू नका, आवाज उतरवा. सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास आहे, तेव्हा मधे थांबाच.

---

धन्यवाद, ताई आणि दादा.

समितीशी बोलले. सहाच्या पुढच्या सगळ्यांना सिनेमा; सहाखालच्यांना पालक सोबत असतील तर आत, नाहीतर शेजारच्या खोलीत चित्रकला आणि चेंडूचे खेळ. मागचे दिवे चालू राहतील. अपघाताचं दृश्य मी स्वतः आधी बघते आहे. सहाखालच्या मुलांच्या पालकांनी सोबत बसणार की नाही ते शुक्रवारपर्यंत याच मेलला उत्तर देऊन कळवावं, म्हणजे खुर्च्या तशा मांडता येतील.

– बालविभाग